माझ्या मशीनवर तर चालतंय

माणसं आपलं चरित्र लिहितात तेव्हा आयुष्यात काय काय उभं केलं ते सांगतात. मी उभं असं काही केलेलं नाही. पुसलं मात्र भरपूर आहे. दहा वर्षांचा असताना घरातला औषधांचा डबा आवरायला घेतला आणि सगळ्या बाटल्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून त्यांची लेबलं भिजवून काढून टाकली. बाटल्या खरोखर छान दिसत होत्या. वडिलांनी सगळी औषधं मोरीत ओतली आणि दोन दिवस माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. कॉलेजात खोलीतल्या मित्राच्या वहीतली गिचमिड पानं मी अशीच फाडून दिली. ती त्याची परीक्षेची तयारी होती. ऑफिसात मला 'सफाई' म्हणतात. पहिली दोन वर्षं मला ते कौतुक वाटायचं.

ऑफिस म्हणजे एका बँकेच्या डोक्यावरच्या तीन खोल्या आणि त्यात अकरा माणसं. ज्यांना आजाराने किंवा अपघाताने बोलता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही एक प्रोग्रॅम बनवतो. पडद्यावर चौकोन असतात, चौकोनावर बोट ठेवलं की त्यातलं वाक्य मोठ्याने ऐकू येतं. हा प्रोग्रॅम मी लिहीत नाही. तो लिहिणारी हुशार मंडळी खिडकीजवळ बसतात. मी दाराजवळ, पाण्याच्या पिंपाशेजारी बसतो आणि त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम सहा प्रकारच्या मशीनवर चालेल अशी व्यवस्था करतो.

म्हणजे काय, हे नातेवाइकांना समजावून माझा घसा बसलाय. एकदा सासऱ्यांना अगदी पहिल्यापासून सांगितलं, की माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळत नाही. तो मशीनच्या भाषेत उतरवायचं काम आणखी एक प्रोग्रॅम करतो, त्याला कंपायलर म्हणतात. हा कंपायलर कमालीचा कष्टाळू, पण पक्का सांगकाम्या. कुठल्या मशीनसाठी उतरवायचं, कुठे घाई करायची, कुठे हटकायचं, कशाकडे काणाडोळा करायचा, सगळं त्याला आधी सांगून ठेवावं लागतं. त्या सूचनांना फ्लॅग म्हणतात. एका मशीनला एक फ्लॅग लागतो, दुसऱ्याला तोच चालत नाही, आणि कुठे कुठला लावायचा ते मी ठरवतो. सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग दुपारी काय करता?"

ही फ्लॅगची फाइल मला आजोबांकडून मिळाली. आजोबा म्हणजे माझे कोणी आजोबा नव्हेत, माझ्याआधी त्या खुर्चीत बसणारे गृहस्थ. वय अठ्ठावन्न, पण अकराजणांत दुसऱ्या कोणाचे केस पांढरे नव्हते, म्हणून आजोबा. त्यांच्या टेबलामागे एक फळी होती आणि फळीवर सहा मशीन ओळीने मांडलेली असायची. फाइलमध्ये एक काना-मात्रा जरी बदलली तरी आजोबा उठायचे, सहाही मशीनवर प्रोग्रॅम चढवायचे आणि प्रत्येकासमोर मान तिरकी करून उभे राहायचे. "बोल," असं मशीनला म्हणायचे. मशीन बोललं की पुढच्याकडे. यात दर वेळी त्यांचा अर्धा दिवस जायचा आणि मला हसू यायचं.

ते निवृत्त झाले त्या आठवड्यातच मी फळी रिकामी केली. सहा मशीन, त्यांच्या वायरींचं जाळं, त्यावरची धूळ, हे सगळं एका खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. त्याऐवजी एक सोय केली. प्रोग्रॅम सहाही प्रकारांसाठी न अडखळता तयार झाला की माझ्या पडद्यावर हिरवा ठिपका दिसायचा. प्रोग्रॅम तयार होणं आणि तो नीट चालणं यांत फरक असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ठिपका फार सुरेख हिरवा होता.

मग मी फाइलकडे वळलो. सत्तेचाळीस ओळी, बारा वर्षांत साठलेल्या. प्रत्येक ओळीपुढे आजोबांची टीप. आधी मी टिपा उडवल्या, कारण त्यांच्यामुळे फाइल गिचमिड दिसत होती. मग टिपा नसलेल्या ओळी बघितल्या तर त्यातल्या निम्म्या कशासाठी आहेत तेच कळेना, म्हणून त्या उडवायला घेतल्या. पद्धत सोपी होती. ओळ काढायची, माझ्या मशीनवर प्रोग्रॅम चालवायचा, फरक पडला नाही तर ओळ निरुपयोगी. सत्तेचाळीसच्या एकोणीस केल्या. कंपायलर काम करताना इशारे देतो, अमुक ठिकाणी काहीतरी संशयास्पद दिसतंय म्हणून. ते तीनशे बारा इशारे दर वेळी पडदाभर सांडायचे. ते सगळे गप्प करणारा एक फ्लॅग असतो, तो मात्र मी आपल्या हाताने नवा घातला. बायकोचं म्हणणं असं, की घरीही मी तेच करतो, फक्त घरी फ्लॅग लागत नाही. सोमवारच्या बैठकीत मी आधीची आणि नंतरची फाइल शेजारी शेजारी लावून दाखवली. दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यातला एक त्याच दिवशी नोकरीवर आला होता.

इथवर मी फक्त हास्यास्पद होतो. पुढे मावशी आली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. बस आगारातल्या चौकशीच्या खिडकीत तिची सव्वीस वर्षं गेली. तिथे तिला सगळे 'बाई' म्हणतात. तिच्या आवाजाला माइक लागत नसे. खिडकीतून ती "गाडी लागली आहे, पळा" म्हणाली की चहाच्या टपरीपर्यंतची माणसं पळायची, ज्यांना कुठे जायचं नव्हतं तीसुद्धा. आमच्या घरात माझं कौतुक न करणारी ती एकटीच. मी इंजिनियर झालो तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. मावशी म्हणाली, "बरं झालं. आता लोकांच्या वस्तूंना हात लावायचा पगार मिळेल तुला."

दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टरांनी सरळ सांगितलं. ऑपरेशनला तीन आठवडे होते. मी ऑफिसात बोललो आणि दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः माइक घेऊन मावशीच्या घरी गेले. खिडक्या लावून घेतल्या, फ्रिजचं बटण बंद केलं, शेजारच्यांना मिक्सर लावू नका म्हणून सांगून आले. रोज तासभर मावशी बोलायची आणि ते टिपून घ्यायचे. तीन आठवड्यांत चारशे बारा वाक्यं झाली. निम्मी खिडकीतली. "गाडी गेली. पुढची पावणेतीनला." "इथे तिकीट मिळत नाही, शेजारच्या खिडकीत." "तेच विचारलंत, तेच उत्तर आहे." बाकीची घरातली. तिला द्यायच्या जुन्या लॅपटॉपमध्ये जागा फारच कमी होती, म्हणून आजोबांनी सगळा आवाज बसेल तेवढ्या लहान जागेत बसवला.

ऑपरेशन झालं. चार महिन्यांनी मावशी पुन्हा खिडकीत जाऊन बसली, समोर तो लॅपटॉप. प्रवासी आठ दिवस बिचकले, नवव्या दिवसापासून नेहमीसारखी बोलणी खाऊ लागले. बाईंचा आवाज यंत्रातून येतो याचं कोणाला काही वाटेनासं झालं. वाटायचं ते मलाच, आणि ते असं की हे सगळं माझ्यामुळे झालं. आजोबांचं नाव मी सांगताना हळूहळू गाळायला लागलो होतो.

यंदा आगाराने चौकशीची खिडकी नव्याने बांधली. आत जेमतेम वीतभर रुंदीची फळी ठेवली, त्यावर लॅपटॉप राहीना. मावशीने वहीत लिहून मला विचारलं, लहान काही मिळेल का. ऑपरेशनपासून ती एक वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल गळ्यात अडकवते, मशीन जवळ नसेल तेव्हा त्यावर लिहिते. मी म्हटलं, "मावशी, तू फक्त बघ." आमच्या प्रोग्रॅमची टॅबसाठीची नवी आवृत्ती अजून कोणालाच दिली नव्हती. मी ती माझ्याच भरात आधीच टॅबवर चढवली, तिची सगळी वाक्यं त्यात घातली आणि रविवारी संध्याकाळी टॅब तिच्या हातात ठेवला. वाजवून बघितला का? टॅबवर नाही. माझ्या मशीनवर बघितला होता, तिथे झकास चालला होता.

सोमवारी सकाळी सात वाजता खिडकीशी वीसेक माणसं होती. मावशीने "बोला, कुठे जायचंय" या चौकोनावर बोट ठेवलं आणि टॅब किंचाळला. मी तिथे नव्हतो, पण ज्यांनी ऐकलं त्यांनी मला वर्णन करून सांगितलं. पत्र्यावर खिळा ओढावा तसा, आणि अफाट मोठा. रांगेतल्या पहिल्या बाईच्या कडेवरचं मूल रडायला लागलं. मावशीने घाईघाईत दुसरा चौकोन दाबला, तो त्याहून वाईट किंचाळला. मग तिने टॅब उलटा ठेवला आणि वहीवर उत्तरं लिहून काचेला लावायला लागली. रांग फाटकापर्यंत गेली आणि दोघांच्या गाड्या चुकल्या.

आगारप्रमुख नवे होते. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. ते मावशीला म्हणाले, "बाई, मला तुमच्याविषयी आदर आहे. पण चौकशीच्या खिडकीत बोलावं लागतं. गुरुवारपर्यंत यंत्र दुरुस्त करून घ्या, नाहीतर तुम्हाला कोठीत पाठवावं लागेल. तिथे बोलायचं काम नाही." कोठी म्हणजे आगाराच्या मागच्या टोकाची, टायर आणि सुटे भाग ठेवायची खोली. तिला एकच झरोका आहे. मावशीच्या निवृत्तीला दीड वर्षं उरली होती आणि ती या खिडकीतून निवृत्त होणार हे तिने ठरवूनच टाकलं होतं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना तिने विचारलेला पहिला प्रश्न तोच होता.

मंगळवारी मी टॅब ऑफिसात आणून बघितला. खरंच किंचाळत होता. तीच वाक्यं माझ्या मशीनवर लावली, तर मावशीचा स्वच्छ आवाज. आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं, की टॅबच्या आवृत्तीत काहीतरी बिघडलंय आणि ती आवृत्ती मी बनवलीय. पण मला हिरवा ठिपका आठवत होता. प्रोग्रॅम बरोबर, फाइल तर मी स्वतः आवरलेली, म्हणजे दोष दुसरीकडेच असणार. मी टॅबला आधी एक बाहेरचा स्पीकर लावला. तो जास्त मोठ्याने किंचाळला. मग मी विचार केला आणि मला उत्तर सापडलं. मी विचार करतो तेव्हा हे नेहमी होतं.

संध्याकाळी मावशीकडे गेलो. तिच्या ओट्याशी उभा राहून, तिने केलेला चहा पीत, मी तिला समजावलं, "हे बघ मावशी, प्रोग्रॅममध्ये काही नाही. रेकॉर्डिंगच मुळात कच्चं आहे. आवाज फाटलेला आहे ना तुझा त्यात. मोठ्या मशीनवर खपून जातं, छोट्या स्पीकरला झेपत नाही."

मावशीने वही पुढे ओढून लिहिलं, "तेव्हा दुखत होतं रे. जमलं तसं बोलले."

मी म्हटलं, "चालायचंच गं."

हे वाक्य मी माझ्या तोंडाने उच्चारलं. आजही ते आठवलं की जिथे असेन तिथे मला डोळे मिटावेसे वाटतात.

बुधवारी सकाळी साडेनऊला आईचा फोन आला. "तू काय सांगितलंस तिला? तिने आपणहून अर्ज दिलाय कोठीत बदली द्या म्हणून. गुरुवारची वाटसुद्धा बघितली नाही. मी विचारलं तर लिहिते, माझं बोलणंच खराब झालं होतं म्हणे, यंत्राचा काय दोष."

मी फोन ठेवला. आजवर मी जे काही बिघडवलं त्याचं पुढे हसू झालं होतं. याचं होणार नव्हतं. माणसाला मरणाच्या भीतीत, दुखऱ्या घशाने, तीन आठवडे खपून आपला आवाज मागे ठेवावा लागला, आणि मी तिच्या ओट्याशी उभा राहून तो आवाज नापास केला होता. तोही न तपासता.

मी आजोबांना फोन लावला. ते हल्ली घरामागे भोपळे लावतात. मागून पाणी पडल्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, फाइल आवरल्याचं सोडून.

"टॅबवर वाजवून बघितलं होतंस? द्यायच्या आधी?"

"माझ्या मशीनवर तर चालतंय, आजोबा."

"तुझ्या मशीनवर कोण बोलतं?" त्यांनी विचारलं. चिडले नव्हते, खरंच विचारत होते. मग ते म्हणाले, "कंपायलर काय म्हणतोय? इशारे काय आहेत?"

"ते फार पडदाभर सांडायचे," मी म्हटलं.

"बंद केलेस होय," ते म्हणाले. "चालू कर. आणि पहिल्यापासून वाच, मधलं गाळू नकोस. मी इथेच आहे."

मी इशारे गप्प करणारा फ्लॅग काढला आणि टॅबसाठी प्रोग्रॅम नव्याने बनवायला लावला. पडद्यावर सगळं भळाभळा सांडलं. पाण्याच्या पिंपाशी येणारी मंडळी थांबून बघून जात होती. मी एकेक वाचत गेलो. बरेचसे किरकोळ होते, न वापरलेली नावं, राहून गेलेले कंस. दुपारी दीडच्या सुमाराला, एकशे ऐंशी आणि काहीतरी इशाऱ्यांनंतर, आवाज वाजवणाऱ्या भागातला एक इशारा आला. कंपायलर अत्यंत नम्रपणे सांगत होता, की तुम्ही इथे 'आकडा शून्याहून कमी असेल तर' अशी अट घातली आहे, पण ही अट कधीच खरी होणार नाही.

मला ते वाचताक्षणी कळलं. आवाज म्हणजे वर-खाली होणारी लाट. मशीनमध्ये ती आकड्यांत ठेवतात, वरचे आकडे अधिक, खालचे उणे. आजोबांनी मावशीचा आवाज सगळ्यात लहान मापाच्या घरांत ठेवला होता. आता गंमत अशी, की त्या लहान घरात उणे आकडे धरायचे की नाही यावर मशीनचं एकमत नाही. माझं टेबलावरचं मशीन न सांगता उणे धरतं. टॅबमधलं मशीन न सांगता धरत नाही, त्याचं सगळं शून्यापासून वर. म्हणून कंपायलरला एका फ्लॅगने बजावायचं असतं, की बाबा रे, मशीन कुठलंही असो, उणे धर. तो फ्लॅग काढून माझ्या मशीनवर बघितलं तर काहीच फरक पडणार नाही. टॅबवर मात्र लाटेची खालची अर्धी बाजू उचलून वर फेकली जाईल, आणि मावशी किंचाळेल.

जुनी फाइल काढली. एकतिसावी ओळ. तिच्यापुढे आजोबांची टीप, "आवाजासाठी. सहाही मशीनवर वाजवून मगच काढा." त्याखाली बदलांच्या नोंदीत माझं नाव आणि माझी टीप, "निरुपयोगी. काढली."

ओळ पुन्हा लिहायला चार सेकंद लागले. टॅबची आवृत्ती तयार व्हायला चाळीस मिनिटं. ती चाळीस मिनिटं मी माळ्यावरचं खोकं खाली काढून वायरी सोडवत बसलो, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. मग टॅबवर चौकोन दाबला.

"गाडी लागली आहे, पळा."

खिडकीजवळच्या हुशार मंडळींनी माना वळवल्या. दोन वर्षांपूर्वीची, दुखऱ्या घशाची मावशी खोलीभर बोलत होती, आणि आवाज कुठेही फाटलेला नव्हता. मी पिंपाशेजारी उभा राहून सगळ्यांदेखत रडलो. नंतर सगळी चारशे बारा वाक्यं वाजवली, मान तिरकी करून, एकही न गाळता. आजोबांना फोन करून फाइल आवरल्याचंही सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "माझ्याकडे नंतर ये. आधी बाईंकडे जा."

आगारात पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. मावशी आगारप्रमुखांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती, मांडीवर खिडकीतलं तिचं सामान. डबा, चष्म्याचं घर, गाड्यांचं जुनं वेळापत्रक. उद्यापासून कोठीत हजर व्हा, असा कागद तिला मिळाला होता. मी टॅब पुढे केला तर तिने हात मागे घेतला. वीस माणसांसमोर एकदा तो तिच्यावर किंचाळला होता. तिने लिहिलं, "राहू दे. लोकांना त्रास."

मी तिच्या शेजारी बसलो. वाटेत तीन वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही तोंडातून येईना. शेवटी म्हटलं, "मावशी, तुझं रेकॉर्डिंग खराब नाहीये. कधीच नव्हतं. मी आवराआवरी करताना एक ओळ पुसली, त्याने हे झालं. आणि काल मी तुला जे सांगितलं ते तपासून नाही सांगितलं. माझ्याकडे चूक असेल असं मला वाटलंच नाही, म्हणून तुझ्यावर ढकलली."

तिने पेन्सिल उचलली. "म्हणजे तेव्हा मी नीट बोलले होते?"

"सगळं. चारशे बारा वाक्यं. मी आज सगळी ऐकली."

मावशीने वही मिटली आणि तोंडावर पदर धरला. तिला आता रडण्याचा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. मी इतक्या वर्षांत तिला रडताना पाहिलेलं नव्हतं. काय करावं ते मला सुचेना. मी तिचा डबा धरून बसलो.

आगारप्रमुखांनी टॅबवर दोन-तीन वाक्यं ऐकली, मान डोलावली आणि म्हणाले, "छान आहे. पण अर्ज बाईंनी दिलाय, मी मंजूर केलाय. मागे घ्यायचा तर लेखी कारण लागेल. उद्या वरून कोणी विचारलं तर मी काय दाखवू?"

"मी देतो लिहून," मी म्हटलं.

त्यांनी कोरा कागद दिला. मी पहिल्यांदा लहान घरं, उणे आकडे आणि दोन मशीनचे दोन स्वभाव असं पानभर लिहिलं. त्यांनी चार ओळी वाचून कागद परत दिला. "हे माझ्या वरच्यांना कळायचं नाही. साधं लिहा." मी दुसरा कागद घेतला आणि लिहिलं, "काही तांत्रिक कारणास्तव यंत्रात बिघाड झाल्यामुळे..."

मावशी माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने पेन्सिल 'काही तांत्रिक कारणास्तव' या शब्दांवर टेकवली, त्यांवर आडवी रेघ मारली आणि थांबली. रागावलेली दिसत नव्हती. खिडकीशी कोणी अर्धवट प्रश्न विचारला, की तो पुरा होईपर्यंत ती अशीच थांबते.

मी तिसरा कागद घेतला. "यंत्र माझ्या चुकीमुळे किंचाळलं. चूक माझी आहे हे न तपासता मी बाईंना त्यांचा आवाज खराब आहे असं सांगितलं. त्यांचा आवाज चांगला आहे." खाली सही केली. आगारप्रमुखांनी दोनदा वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि शिक्का मारला. "उद्या सकाळी सात ते अकरा मी स्वतः खिडकीसमोर बसणार," ते म्हणाले. "यंत्र एकदा जरी ओरडलं तरी अर्ज कायम." मावशीने वहीत लिहून त्या कागदाची नक्कल मागितली. त्यांनी दिली. आमच्या घराण्यात सरकारी शिक्का बसलेलं माझ्याविषयीचं हे एकमेव प्रशस्तिपत्रक.

गुरुवारी मी रजा टाकली आणि पावणेसातला आगारात गेलो. आगारप्रमुख खांबाला टेकून खुर्चीवर बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र, ते उघडलेलं नव्हतं. मावशी आत जाऊन बसली. टॅब वीतभर फळीवर उभा केला, पण पहिला चौकोन दाबण्याआधी तिचं बोट हवेत अडलं. काचेतून मला ते दिसलं. रांगेतला पहिला म्हातारा म्हणाला, "बाई, सकाळची गेली का हो?" तिने डोळे मिटून बोट टेकवलं.

"गाडी गेली. पुढची पावणेतीनला."

"अरे देवा," म्हातारा म्हणाला आणि निघून गेला. त्याला कशाचंच नवल वाटलं नाही. त्यानंतर तिचं बोट अडलं नाही. मी रांगेत उभा राहिलो, शेवटापासून. मला कुठेच जायचं नव्हतं, पण तासभर सरकत सरकत ऐकत राहिलो. "शेजारच्या खिडकीत." "तेच विचारलंत, तेच उत्तर आहे." आगारप्रमुखांनी आठच्या सुमाराला वर्तमानपत्र उघडलं.

माझा नंबर आला. काचेपलीकडे मावशीने वर पाहिलं. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, काल राहून गेलेलं, आणि मी तोंड उघडून नुसता उभा होतो. तिने मला चांगलं नीट बघून घेतलं. चारशे बारा वाक्यं होती तिच्याकडे, त्यातलं कुठलंही निवडता आलं असतं. तिने पानं सरकवली, एका चौकोनावर बोट ठेवलं, आणि तिचा पूर्वीचा आवाज, वरचा-खालचा सगळा, काचेतून माझ्या अंगावर आला.

"बाजूला व्हा. मागे माणसं खोळंबली आहेत."

मी बाजूला झालो.